सजीवांच्या वर्गीकरणातील श्रेणी : एका परिभाषेचा इतिहास

आंब्याचे शास्त्रीय नाव मँजिफेरा इंडिका. त्यातील पहिले पद प्रजातीचे आणि दोन्ही पदे मिळून जातीचे नाव होते, हे शालेय पुस्तकातूनच सर्वांच्या परिचयाचे झालेले असते. जाती, प्रजाती, कुल, गण, वर्ग, संघ आणि सृष्टी ही सात पायऱ्यांची शिडी प्रत्येक विद्यार्थी एकदा तरी मुखोद्गत करतो, आणि पुढे ती निसर्गातच कोठेतरी उभी असावी अशा समजुतीने तिच्याकडे पाहतो. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुलातील झाडे आहेत असे म्हटले म्हणजे त्या तिघांत काही निकटचे नाते आहे असे विधान झाले. ते खरे की खोटे हे तपासता येते. परंतु त्या नात्याच्या मर्यादेला ‘कुल’ का म्हणावयाचे, ‘गण’ का म्हणावयाचे नाही, याचे उत्तर झाडांकडे कितीही वेळ पाहिले तरी मिळत नाही. ते परिभाषेच्या इतिहासात शोधावे लागते.

या सात संज्ञांची मूळ लॅटिन व ग्रीक रूपे पाहिली तर त्या एका गावच्या नाहीत हे प्रथम नजरेत भरते. ‘क्लासिस’ हा रोमन नागरिकांच्या मालमत्तेनुसार केलेल्या विभागांचा शब्द. ‘ऑर्दो’ म्हणजे रांग. ‘फामिलिआ’ म्हणजे घरधनी, बायकामुले आणि दासदासी मिळून होणारा परिवार. ‘रेग्नुम’ म्हणजे राज्य, आणि ‘फायलम’ हा ग्रीक शब्द टोळी किंवा कुळी या अर्थाचा. हे पाचही शब्द समाजव्यवस्थेतून उसने आणलेले आहेत. उरलेले दोन, ‘जीनस’ आणि ‘स्पीशीज’, हे तर्कशास्त्रातून आले आणि म्हणून त्यांची गोष्ट वेगळी आहे. ‘जीनस’ शब्दाच्या मुळाशी जननार्थक धातू आहे. संस्कृत ‘जन्’ आणि त्यापासून सिद्ध झालेला ‘जाति’ शब्द हे त्याचे सख्खे आप्त होत. ‘स्पीशीज’च्या मुळाशी पाहणे ही क्रिया आहे, ‘पश्यति’ आणि हेर या अर्थाचा वैदिक ‘स्पश्’ हे त्याचे भाईबंद. म्हणजे पहिला शब्द जन्माचा आणि दुसरा रूपाचा. मराठीत मात्र यांची अदलाबदल झाली आहे. ‘जीनस’शी ज्याचे रक्ताचे नाते तो ‘जाती’ शब्द आपण ‘स्पीशीज’साठी वापरतो, ‘जीनस’ला कोणी ‘प्रजाती’ म्हणतात, कोणी ‘वंश’. त्यात अलीकडे वृत्तपत्रांतून, बहुधा हिंदीच्या संसर्गाने, ‘प्रजाती’ हा शब्द ‘स्पीशीज’साठी रूढ होत चालला आहे. एकाच शब्दाने एका पुस्तकात वरची पायरी आणि दुसऱ्यात खालची पायरी दाखवली जावी, ही गैरसोय खरीच. परंतु या दोन संज्ञांच्या पूर्वेतिहासाकडे पाहिले तर ती काहीशी स्वाभाविकही वाटू लागते.

ॲरिस्टॉटलच्या (इ. स. पू. ३८४–३२२) लेखनात ‘गेनोस’ आणि ‘ऐदोस’ हे शब्द वारंवार येतात. लॅटिनमध्ये त्यांचेच जीनस व स्पीशीज झाले. त्याच्या प्राणिविषयक ग्रंथांत पक्षी हा एक गेनोस आहे, मासे हा एक गेनोस आहे, आणि पक्ष्यांच्या अंतर्गत असलेला एखादा लहान समूहही गेनोसच आहे. त्याने प्राण्यांच्या श्रेणींची शिडी रचली असे पुष्कळ काळ समजले जात होते. डी. एम. बाम यांनी १९६२ मध्ये या दोन शब्दांचे प्राणिग्रंथांतील प्रयोग तपासून दाखविले की ते ठराविक पातळीचे वाचक नाहीत. ज्याचे विभाजन करावयाचे तो गेनोस. विभाजन करून जे हाती येते ते ऐदोस. पिता आणि पुत्र हे शब्द जसे परस्परसापेक्ष, तसे हे दोन. एकच मनुष्य एकाचा पुत्र आणि दुसऱ्याचा पिता असतो, त्यात विसंगती कोणाला दिसत नाही.

तिसऱ्या शतकात पॉर्फिरीने ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्राला लिहिलेल्या प्रवेशिकेतून ही सापेक्षता मध्ययुगीन विद्यापीठांत पोहोचली. द्रव्य, शरीर, सजीव शरीर, प्राणी, विवेकी प्राणी, मनुष्य अशी ती सुप्रसिद्ध उतरंड. तिच्यात सर्वांत वरचे पद केवळ जीनस आणि सर्वांत खालचे केवळ स्पीशीज. मधली सर्व पदे वरच्याच्या दृष्टीने स्पीशीज आणि खालच्याच्या दृष्टीने जीनस. मधल्या पायऱ्या किती असाव्यात याला नियम नव्हता. विषयानुसार त्या कमी-अधिक होत.

मराठी वाचकाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. न्यायवैशेषिकांनी ‘जाती’ किंवा ‘सामान्य’ या पदार्थाची जी चर्चा केली आहे तिच्यात हेच सूत्र आहे. सत्ता ही सर्वांत व्यापक जाती. तिच्या खाली द्रव्यत्व, त्याच्या खाली पृथिवीत्व, त्याच्याही खाली घटत्व. द्रव्यत्व हे पृथिवीत्वाच्या तुलनेत सामान्य आणि सत्तेच्या तुलनेत विशेष ठरते. एखाद्या धर्माला सामान्य म्हणावयाचे की विशेष, हे बुद्धीच्या अपेक्षेवर अवलंबून आहे असे वैशेषिक सूत्रांतच सांगितलेले आहे. उदयनाचार्यांनी किरणावलीत जातीचे सहा बाधक सांगितले. त्यांपैकी ‘संकर’ हा बाधक येथे विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. भूतत्व हे पृथ्वी, जल, तेज, वायू आणि आकाश यांत राहते. मूर्तत्व हे पृथ्वी, जल, तेज, वायू आणि मन यांत राहते. चार ठिकाणी दोन्ही एकत्र, आकाशात भूतत्व एकटे, मनात मूर्तत्व एकटे. असे अर्धवट गुंतलेले दोन धर्म जाती या पदवीस पात्र नाहीत. दोन जाती एक तर एकमेकींपासून पूर्णपणे अलग असाव्यात, नाही तर एक दुसरीच्या पोटात पूर्णपणे सामावलेली असावी. आजचा वर्गीकरणशास्त्रज्ञ आपल्या गटांना लावतो तो नियम अक्षरशः हाच आहे. यावरून आपल्या नैयायिकांना जीवशास्त्र ठाऊक होते असे अनुमान काढणे हास्यास्पद होईल. त्यांचा प्रश्न शब्दार्थाचा व अनुगत प्रतीतीचा होता. मात्र गटात गट सामावण्याची व्यवस्था आणि त्या गटांना दिलेल्या श्रेणी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. नैयायिकांकडे पहिली होती. दुसरीची त्यांना गरज पडली नाही.

ही गरज युरोपात पडली ती संख्येमुळे. आंद्रेआ चेझाल्पिनोने १५८३ मध्ये वनस्पतींवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्याच्यापुढे सुमारे दीड हजार वनस्पती होत्या. शंभर वर्षांनी जॉन रेच्या त्रिखंडात्मक इतिहासात (१६८६–१७०४) त्यांची संख्या अठरा हजारांवर गेली. मधल्या काळात दोन्ही गोलार्धांतून बिया, कंद आणि वाळवलेली पाने युरोपातील उद्यानांत येऊन पडली होती. या ओघात पश्चिम किनाऱ्याचाही वाटा आहे. गार्सिया द ओर्ताचे औषधी वनस्पतींवरील संवाद गोव्यात १५६३ मध्ये छापले गेले. मलबारच्या वनस्पतींवरील ‘होर्तुस मालाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे निघाला. त्याच्या सिद्धतेत इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोंकणी ब्राह्मणांनी भाग घेतला होता, आणि त्यांचे १६७५ चे कोंकणीतील निवेदन नागरी लिपीत त्या ग्रंथात छापलेले आहे. लिनीअसने पुढे आपल्या भारतीय वनस्पतींपैकी पुष्कळांसाठी याच ग्रंथातील चित्रांचा आधार घेतला.

दहा-अठरा हजार वस्तू स्मरणात ठेवणे मनुष्याला शक्य नाही. सातशे ठेवणे कठीण असले तरी शक्य आहे. फ्रान्समध्ये तूर्नफोरने १६९४ मध्ये नेमके हे केले. त्याने सुमारे सातशे प्रजातींची लक्षणे काटेकोरपणे बांधली आणि सर्व वनस्पती त्यांच्या खाली लावल्या. त्यांच्या वर त्याने विभाग आणि बावीस वर्ग ठेवले. ‘जीनस’ हा शब्द सापेक्ष न राहता एका ठराविक उंचीवर स्थिरावू लागला तो येथून. १९७३ मध्ये बर्लिन, ब्रीडलव्ह आणि रेव्हन या अमेरिकन अभ्यासकांनी निरनिराळ्या समाजांतील लोकवर्गीकरणांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांच्या बोलण्यातही एक मधली पातळी सर्वांत ठळक असते, तिची नावे बहुधा एकपदी असतात आणि मुलांना ती आधी येतात, असे त्यात आढळले. मराठीत झाड, वेल, गवत ही वरची पातळी आणि वड, पिंपळ, उंबर ही ती मधली. या मधल्या पातळीलाही त्यांनी ‘जेनेरिक’ असेच नाव दिले. तूर्नफोरची प्रजाती आणि बागेतल्या माळ्याचे झाडाचे नाव यांत जे साम्य आहे ते स्मरणशक्तीच्या मर्यादेतून आलेले दिसते. मात्र लोकांची पातळी आणि शास्त्राची पातळी नेहमी जुळतेच असे नाही. वड, पिंपळ, उंबर या तिघांना एकत्र गोवणारा रोजच्या बोलीतला शब्द मराठीत नाही. शास्त्रात तिन्ही ‘फायकस’ या एकाच प्रजातीत आहेत. उलट कडुनिंब, बकाणनिंब आणि गोडनिंब या नावांची घडण अगदी द्विपदी शास्त्रीय नावांसारखी आहे, तरी आज ती तीन झाडे तीन प्रजातींत आहेत आणि कढीतल्या गोडनिंबाचे तर कुलही वेगळे आहे. गंमत अशी की लिनीअसनेही १७५३ मध्ये कडुनिंब आणि बकाणनिंब यांना मराठी माणसाप्रमाणे एकाच प्रजातीत ठेवले होते. कडुनिंबाची ‘अझाडिरॅक्टा’ ही प्रजाती १८३० मध्ये आद्रियाँ द ज्युस्यूने निराळी काढली.

कार्ल लिनीअस (१७०७–१७७८) याच्या नावाशी ही सर्व व्यवस्था जोडली जाते ती योग्यच आहे. पण त्याने नेमके काय केले याविषयी सामान्यतः जे सांगितले जाते ते अपुरे असते. त्याचा ‘सिस्टिमा नातुरी’ १७३५ मध्ये लायडन येथे मोठ्या आकाराच्या अवघ्या दहा-बारा पृष्ठांत निघाला. त्यात प्रत्येक सृष्टीचे विभाजन वर्ग, गण, प्रजाती, जाती या क्रमाने केलेले होते. त्याच्या पाचव्या पायरीला त्याने ‘प्रकार’ म्हटले. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने या पाच पायऱ्यांच्या शेजारी आणखी तीन मालिका मांडल्या आहेत. एक तत्त्वज्ञांची : परम जीनस, मध्यम जीनस, निकटतम जीनस, स्पीशीज, व्यक्ती. दुसरी मुलकी कारभाराची : प्रांत, जिल्हा, पॅरिश, खेडे, घर. तिसरी रोमन लष्कराची : लीजन, तिच्यातील पलटण, पलटणीतील तुकडी, एका तंबूत राहणारे सोबती, आणि अखेर एकटा शिपाई.

हे कोष्टक बारकाईने पाहण्यासारखे आहे. तत्त्वज्ञांच्या मालिकेत पहिल्या तीन पायऱ्यांना एकच शब्द पुरतो, विशेषण तेवढे बदलते. कारण तेथे जीनस हे नाते आहे. मुलकी आणि लष्करी मालिकांत मात्र प्रत्येक पायरीला स्वतःचे नाव आहे, कारण तेथे ते पद आहे. पलटणीत माणसे कमी झाली तरी ती पलटणच राहते. तिला कोणी तंबू म्हणत नाही. लिनीअसची स्वतःची मालिका शब्दांनी तत्त्वज्ञांच्या घरची आणि स्वभावाने लष्करी छावणीतली आहे. ‘जीनस’ हा शब्द त्याने वरच्या दोन पायऱ्यांवरून काढून घेतला आणि तिसऱ्या पायरीवर कायमचा नेमला. दुसरीही एक विसंगती आहे. इतर तीन मालिका एकट्या माणसापाशी किंवा एकट्या घरापाशी संपतात. लिनीअसची मालिका ‘प्रकार’ या समूहापाशी संपते. चारी ओळी एकमेकींसमोर नेटक्या बसल्यासारख्या दिसतात, परंतु शेवटच्या रकान्यात त्या जुळत नाहीत.

लिनीअस स्वतः या बाबतीत भाबडा नव्हता. जाती आणि प्रजाती ही निसर्गाची कृती, प्रकार हे बहुधा लागवडीचे फळ, आणि वर्ग व गण यांत निसर्गाबरोबर मनुष्याच्या कौशल्याचाही भाग आहे, अशी कबुली त्याने १७५१ च्या ‘फिलोसोफिआ बोतानिका’त दिलेली आहे. पुंकेसरांच्या संख्येवरून त्याने पाडलेले चोवीस वर्ग कृत्रिम आहेत हे त्याला ठाऊक होते. पण प्रजाती नैसर्गिक आहे या मतावर तो ठाम राहिला, आणि त्याच्या नामकरणपद्धतीने हे मत भाषेत पक्के करून टाकले. त्याच्या आधी टोमॅटोचे नाव म्हणजे काटे नसलेले मऊ खोड, पिसांसारखी खाचदार पाने आणि साधे फुलोरे असे वर्णन करणारे एक लांबलचक लॅटिन वाक्यखंड होते. १७५३ च्या ‘स्पेसिएस प्लांतारुम’मध्ये सुमारे सहा हजार वनस्पतींना दोन पदी नावे मिळाली. वर्णन गेले आणि संबोधन राहिले, हा भाषेच्या दृष्टीने मोठा लाभ. पण या सोयीची एक किंमत होती. सातांपैकी एक श्रेणी नावाच्या आत जाऊन बसली. आंब्याचे कुल बदलले तर त्याचे नाव बदलत नाही. प्रजाती बदलली की नाव बदलते. वर्गीकरणाविषयीचे मत आणि वस्तूचे नाव या दोन गोष्टी अशा रीतीने एकाच शब्दात बांधल्या गेल्या.

समकालीनांपैकी ब्यूफाँने १७४९ मध्ये आक्षेप घेतला की निसर्गात केवळ व्यक्ती आहेत; प्रजाती, गण आणि वर्ग हे आपल्या कल्पनेत आहेत. या आक्षेपाला त्या काळी कोणी समाधानकारक उत्तर दिले नाही, आणि दिले नाही म्हणून काही अडलेही नाही.

‘कुल’ ही श्रेणी लिनीअसच्या शिडीत नव्हती. तो शब्द पिएर मान्योलने १६८९ मध्ये आणला. माणसांत घराणी असतात तशी वनस्पतींतही असतात या कल्पनेने त्याने शहात्तर कुले मांडली. आदांसाँ (१७६३) आणि आंत्वान-लोराँ द ज्युस्यू (१७८९) यांनी तो विचार पुढे नेला. ज्युस्यूच्या शंभर गटांपैकी पुष्कळ आजही टिकून आहेत. पण ज्युस्यू त्यांना ‘ऑर्दो’ म्हणत असे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बेंथम आणि हूकर यांच्या ग्रंथांत तीच पद्धत चालली. ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ (१८७२–१८९७) उघडला तर आज ज्यांना आपण कुल म्हणतो त्या प्रत्येकावर ‘ऑर्डर’ असेच शीर्षक दिसेल. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांनी ‘ऑर्दो’ला एक पायरी वर चढविले आणि रिकाम्या जागी ‘फामिलिआ’ बसविला. ज्युस्यूच्या गटांतील एकही झाड या बढती-बदलीत हलले नाही.

श्रेणी हे पद झाले म्हटल्यावर त्याला बिल्लाही हवा. तो प्रत्ययांच्या रूपाने आला. वनस्पतिशास्त्रात गणनाम ‘-एलीझ’ने, कुलनाम ‘-एसी’ने संपते, प्राणिशास्त्रात कुलनाम ‘-इडी’ने आणि उपकुलनाम ‘-इनी’ने. संस्कृत पदाला लागलेली विभक्ती जशी त्याचे वाक्यातील स्थान सांगते, तसा हा प्रत्यय नावाचे शिडीवरील स्थान सांगतो. दोन्ही शास्त्रांची व्याकरणे मात्र स्वतंत्र वाढली आणि काही ठिकाणी एकमेकांवर आदळतात : प्राणिशास्त्रातील ‘-ऑइडिया’ कुलाच्या वरचा, तर त्याच्यासारखाच दिसणारा वनस्पतिशास्त्रातील प्रत्यय कुलाच्या खालचा. वनस्पतींच्या आठ कुलांची जुनी अनियमित नावे, उदाहरणार्थ गवतांचे ‘ग्रॅमिनी’ आणि शेंगावर्गीयांचे ‘लेग्युमिनोसी’, रूढीच्या बळावर अजून वैध आहेत. कोणत्याही व्याकरणात अशी काही निपातने राहतातच. प्राणिशास्त्राची संहिता अधिकुलापर्यंतच नियम करते. गण, वर्ग, संघ यांची नावे ती रूढीवर सोडते.

१८५९ मध्ये चार्ल्स डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि शिडीखालची जमीनच बदलली. वर्गीकरणशास्त्रज्ञ नकळत ज्याचा शोध घेत होते ती वंशावळ होय, असे त्याने तेराव्या प्रकरणात मांडले. त्यासाठी त्याने भाषांचेच उदाहरण घेतले : मानववंशाची परिपूर्ण वंशावळ उपलब्ध असती तर जगातील भाषांचे सर्वांत उत्तम वर्गीकरण तीवरून करता आले असते. जाती आणि प्रकार यांतील सीमा त्याला मुळातच सोयीची वाटत होती. १८६३ मध्ये आउगुस्ट श्लायखरने एर्न्स्ट हेकेलला उद्देशून लिहिलेल्या पत्रात हेच कोष्टक भाषाशास्त्राच्या बाजूने भरले. प्रजातीच्या जागी भाषाकुल, जातीच्या जागी भाषा, प्रकारांच्या जागी बोली. श्लायखरच्या इतर मतांना आता कोणी मानीत नाही, पण या तुलनेतील दुखरी जागा त्याने बरोबर दाखविली. भाषा कोणती आणि बोली कोणती हा प्रश्न ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांनी सुटत नाही. मराठी आणि कोंकणी यांचे ऐतिहासिक नाते काय याविषयी अभ्यासकांत जेवढा मतभेद होता, त्याहून कितीतरी अधिक कोंकणीला ‘भाषा’ म्हणावे की नाही यावर झाला. त्या शब्दावर शाळा, पुरस्कार आणि राजभाषेचा दर्जा अवलंबून होता. साहित्य अकादेमीने १९७५ मध्ये तिला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ मध्ये गोव्याचा राजभाषा कायदा झाला. १९९२ मध्ये ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आली. या सतरा वर्षांत कोंकणीच्या व्याकरणात असे काहीच घडले नाही की ज्यामुळे तिची श्रेणी बदलावी.

वंशावळीत फांद्या असतात, पायऱ्या नसतात. डार्विननंतर श्रेणी आपोआप गळून पडतील अशी अपेक्षा करता आली असती. प्रत्यक्षात त्या वाढल्या. हेकेलने १८६६ मध्ये ‘फायलम’ ही नवी श्रेणी आणली आणि तिसरी सृष्टीही कल्पिली. व्हिटेकरने १९६९ मध्ये पाच सृष्टी मांडल्या. १९९० मध्ये वूझ, कांडलर आणि व्हीलिस यांनी सृष्टीच्याही वर ‘डोमेन’ ठेवले. मध्ये अधि-, उप-, अव- असे उपसर्ग लावून पायऱ्यांच्या दरम्यान पायऱ्या घातल्या गेल्या. या अंतर्विरोधाचा तर्कशुद्ध विचार जर्मन कीटकशास्त्रज्ञ व्हिली हेनिक याने १९५० मध्ये व पुढे १९६६ च्या इंग्रजी ग्रंथात केला. त्याच्या मते एका पूर्वजापासून फुटलेल्या दोन शाखांना समान श्रेणी मिळाली पाहिजे. पण मग प्रत्येक फाट्यागणिक एक नवी श्रेणी लागेल, आणि फाटे तर हजारो. त्याने एक तोड सुचविली : श्रेणी गटाच्या भूवैज्ञानिक वयावरून ठरवावी. ती कोणी स्वीकारली नाही, कारण ती लावली की सगळी रूढ नावे उलथीपालथी होतात. फळांवरच्या ‘ड्रॉसोफिला’ माशीच्या एका प्रजातीत काही कोटी वर्षांपूर्वी विलग झालेल्या शाखा आहेत. माणूस आणि चिंपँझी सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी विलग झाले, तरी ते दोन प्रजातींत. येथे मोजपट्टी माणसाने आपल्याजवळ बारीक आणि माशीजवळ ढोबळ धरली आहे, हे उघड आहे.

असे असता श्रेणींची मोजदाद करून निष्कर्ष काढणे कितपत योग्य, हा प्रश्न निव्वळ तात्त्विक राहत नाही. रॉप आणि सेपकॉस्की यांनी १९८२ मध्ये सागरी प्राण्यांची कुले मोजून पृथ्वीवरील पाच महाविनाशांचे चित्र उभे केले. त्यांचा मुख्य निष्कर्ष टिकून आहे. परंतु शिंपल्यांचे कुल आणि माशांचे कुल हे एका मापाचे असते असे मानण्यास आधार नाही, हा आक्षेपही तितकाच टिकून आहे.

नावाशी बांधलेल्या प्रजातीमुळे काय घडते याचे उत्तम उदाहरण आपल्या बाभळीचे आहे. ‘अकेशिया’ ही तेराशेहून अधिक जातींची अवाढव्य प्रजाती एका पूर्वजाची संतती नाही असे सिद्ध झाल्यावर तिचे तुकडे करणे प्राप्त झाले. नियम असा की प्रजातीचे नाव तिच्या प्ररूप-जातीबरोबर जाते, आणि अकेशियाची प्ररूप-जाती होती बाभूळ. ग्रीकांनीही हा शब्द मुळात ईजिप्तच्या काटेरी झाडासाठी वापरला होता. पण अशाने ऑस्ट्रेलियातील सुमारे हजार जातींची नावे बदलावी लागली असती. २००५ मध्ये व्हिएन्ना येथील वनस्पतिशास्त्र परिषदेने प्ररूपच बदलून एक ऑस्ट्रेलियन जाती तेथे नेमली, आणि २०११ मध्ये मेलबर्न येथे, पुष्कळ वादानंतर, तो निर्णय कायम झाला. बाभूळ ‘व्हॅकेलिया निलोटिका’ झाली आणि खैर ‘सेनेगालिया कटेचू’. मराठी शेतकऱ्याने या दोन झाडांना एका नावाखाली कधी आणलेच नव्हते.

जातीच्या श्रेणीवर तर पुष्कळच काही अवलंबून असते, कारण कायदे आणि संरक्षणाच्या याद्या प्रामुख्याने तिच्याच भाषेत लिहिल्या जातात. आफ्रिकेतील हत्ती ही एक जाती मानली जात होती तोवर आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या लाल यादीत ती ‘असुरक्षित’ या सदरात होती. २०२१ मध्ये संघाने माळरानावरचा हत्ती आणि अरण्यातला हत्ती अशा दोन जातींचे प्रथमच स्वतंत्र मूल्यमापन केले. पहिला ‘संकटग्रस्त’ ठरला, दुसरा ‘अतिसंकटग्रस्त’. अरण्यातल्या हत्तींची संख्या अनेक वर्षे वेगाने घटत होती. ती घट दिसण्यासाठी आधी त्यांना जातीची पदवी मिळावी लागली. एर्न्स्ट मायर आदी शास्त्रज्ञ जाती ही एकच श्रेणी निसर्गसिद्ध मानतात, कारण तिच्या सीमा परस्परसंकरावरून तपासता येतात. येथे मात्र दोन्ही हत्तींच्या सीमेवर संकर होतो, आणि तरीही दोन जाती मानण्याकडे बहुतेकांचा कल आहे. या निर्णयाला जनुकीय पुरावा भक्कम आहे. पण पुराव्याने अंतर कळते, कोणत्या अंतराला जाती म्हणावे ते ठरवावे लागते.

श्रेणी सर्वस्वी टाकून द्याव्यात असा पक्ष १९९० नंतर केव्हिन द केरोझ आणि जॅक गॉथिए यांनी मांडला, आणि त्याची संहिता, ‘फायलोकोड’, २०२० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यात नाव शाखेला मिळते. ती शाखा कुल आहे की गण, हे सांगण्याचे बंधन नाही. प्राणिशास्त्राच्या व वनस्पतिशास्त्राच्या जुन्या संहिताही चालू आहेत, आणि बहुसंख्य अभ्यासक त्यांनाच अनुसरतात. फायलोकोड स्वतः जातींची नावे ठेवण्याचे नियम करीत नाही. ती नावे जुन्या संहितांकडूनच घेते. तेव्हा लिनीअसचे दोन पदी नाव तिलाही स्वीकारावे लागले आहे. फक्त त्यातील पहिल्या पदाला ती प्रजाती म्हणत नाही. रोमन माणसाच्या पहिल्या नावासाठी जी लॅटिन संज्ञा होती तीच तिने त्या पदाला दिली आहे, आणि त्या पदाने कोणत्याही गटाचा बोध होतो असे मानू नये, असे तिचे सांगणे आहे.